जेवायचा हात

आमचं घर दिसायच्या आधी ऐकू यायचं. पाथर्डीकडून येणाऱ्या वाटेनं ओढा उतरला की धुनकीचा आवाज कानावर पडायचा, टँव टँव टँव, आणि परगावचा माणूससुद्धा ओळखायचा की पिंजाऱ्याचं घर जवळ आलं. अब्बांची धुनकी आढ्याला दोरीनं टांगलेली असे. डाव्या हातात तिचा दांडा धरायचा आणि उजव्या हातातल्या लाकडी मुठ्यानं तात, म्हणजे धुनकीला ताणून बांधलेली आतड्याची दोरी, छेडायची, म्हणजे गाठी झालेला जुना कापूस उकलत, उडत भिंतीकडच्या कोपऱ्यात जाऊन पडायचा. संध्याकाळपर्यंत त्या कोपऱ्यात छातीएवढा ढीग व्हायचा. त्यातलं पीस सगळ्या घरभर फिरायचं. अब्बांच्या दाढीत, पाण्याच्या माठावर, कालवणात, भाकरीवर, जिथं जागा मिळेल तिथं. अम्मा म्हणायची की आमच्या घरातली पोरं आधी शिंकायला शिकतात आणि मग बोलायला. तिचं खरंच होतं. आजही कुणी जुनी गादी झटकली की मला शिंका येतात आणि शिंका आल्या की घर आठवतं.

कापूस पिंजायचं काम अब्बांचं आणि गादी शिवायचं अम्माचं. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची खोळ भरून ती जमिनीवर पसरायची आणि हातभर लांब सुई घेऊन गादीच्या कडेकडेनं सरकत टाके घालायची. आम्ही पोरं मधेच मदतीला जायचो आणि तिला सोयीचं पडावं म्हणून गादीच ओढून फिरवायला लागायचो. त्यावर तिचा एक ठरलेला बोल होता, "गादी फिरवायची न्हाई, आपुन फिरायचं." गादी ओढली की आतला कापूस एका अंगाला सरकतो आणि निजणाऱ्याच्या पाठीत खड्डा पडतो. म्हणून गादी जागच्या जागी आणि अम्मा तिच्याभोवती. टाके घालता घालता तिचं तोंड सकाळी मगरीबकडं असायचं, दुपारी दुसरीकडं. मगरीब म्हणजे मावळती. आमच्या घरात सगळ्या वस्तू दिशेवरून सांगायचा रिवाज होता, कारण नमाजासाठी ती एक बाजू सगळ्यांच्या अंगात मुरलेली. माठ मगरीबच्या कोपऱ्यात, चूल त्याच्या समोर. डावं-उजवं असं कुणी फारसं म्हणत नसे. आणि ते माझ्या पथ्यावर पडलं होतं, कारण मी डावरा निघालो होतो.

आता माझी नात डाव्या हातानं लिहिते, डाव्या हातानं बॅट धरते आणि तिच्या बाई तिचं कौतुक करतात. आमच्या वेळेला डावरं पोर म्हणजे घराला लागलेला एक लहानसा डागच. कुणाला पैसे देताना, भाकरी घेताना, मोठ्यांना पाणी देताना माझा डावा हात पुढं व्हायचा आणि चारचौघांत अम्माला खाली बघावं लागायचं. जेवण तर उजव्याच हातानं, त्यात तडजोड नव्हती. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, वर लसणाचा ठेचा, असं ताट समोर आलं की भुकेल्या पोराचा हात विचार करून पुढं येत नाही. माझा डावा यायचा. शेवटी अम्मानं गादीच्या कापडाची एक पट्टी फाडली आणि जेवायच्या वेळी ती माझ्या डाव्या मनगटाला बांधून दुसरं टोक कमरेच्या करगोट्यात अडकवायला सुरुवात केली. रागानं नव्हे. बांधताना ती हातावरून हात फिरवायची. "ह्यो जेवायचा हात, त्यो न्हाई," एवढंच म्हणायची. महिनोन्‌महिने ते चाललं आणि माझा उजवा हात जेवायला शिकला. पुढं शाळेत पाटीवर लिहायलाही तोच शिकला. पण माझ्या डोक्यात उजवा म्हणजे शिकवलेला आणि डावा म्हणजे आपसूक हलणारा, असं जे बसलं ते बसलंच. कुणी "उजवीकडं" म्हटलं की आधी मला मनातल्या मनात घास उचलावा लागायचा. बोटं किंचित जवळ आली की कळायचं, हा जेवायचा हात, म्हणजे हा उजवा.

धुनकीनं मात्र मला दाद दिली नाही. मिसरूड फुटायच्या आत अब्बांनी मला धुनकीखाली उभं केलं. माझ्या हातांनी आपोआप अदलाबदल केली, मुठ्या डाव्यात आला, आणि सगळा कापूस भिंतीऐवजी दाराकडं उडाला. दारातून रस्त्यावर, रस्त्यावरून समोरच्या म्हाताऱ्या तेलिणीच्या वाळवणावर. अब्बा रागावतील असं वाटलं होतं, पण ते धुनकीचा दांडा धरून हसत बसले. म्हणाले, "ह्याच्या हातानं आपला समदा कापूस गावात फुकट वाटला जाईल. ह्याला मास्तर करा." थट्टेत म्हणाले, पण पुढं तेच केलं. बोर्डाच्या शाळेतून मी सातवीची फायनल पास झालो तेव्हा त्यांनी नगरच्या ट्रेनिंग शाळेत मला स्वतः नेऊन घातलं. मी धंद्याला निरुपयोगी ठरलो म्हणून शिकलो, असं मी गमतीनं सांगतो. आतल्या आत मला ठाऊक आहे की दुसऱ्या एखाद्या बापानं त्या दिवशी मुठ्या माझ्या पाठीत घातला असता.

नगरला मी आणि भागूजी नावाचा एक मुलगा एका खोलीत राहायचो. भागूजी अकोले तालुक्यातला, भंडारदऱ्याच्या वरच्या डोंगरातला. रेशनचं धान्य दोघांत मिळून शिजवायचं, तो भाताला हळहळायचा आणि मी बाजरीला. खोलीत एकच चूल, त्यावर एकच तवा, आणि त्याच्या-माझ्या घरच्यांनी हे बघितलं असतं तर काय म्हणाले असते याचा विचार आम्ही भूक भागल्यावर करायचो. आमची मैत्री जमली ती एका दुखण्यावरून. भागूजीलाही डावं-उजवं कळत नसे. त्याच्या गावात वर आणि खाली एवढ्या दोनच बाजू. सपाट नगरात तो पार गांगरून जायचा. बाजारात वाट चुकला की दुकानदाराला विचारायचा, "दादा, चढ कुन्या अंगाला हाय?" दुकानदार त्याच्याकडं बघत राहायचा. आम्ही दोघं मिळून बाहेर पडलो की हमखास चुकायचो, फक्त एकटं चुकण्यापेक्षा दोघांनी चुकणं बरं वाटायचं.

मास्तर होणाऱ्याला या गोष्टीचं इतकं काम पडतं हे आम्हाला तिथं गेल्यावर समजलं. ट्रेनिंग शाळेला लागून लहान मुलांची सरावशाळा होती. तिथं आमच्यापैकी एकानं पाठ घ्यायचा आणि बाकीच्यांनी मागं बसून त्याच्या चुका टिपायच्या, मग सगळ्यांसमोर त्या वाचून दाखवायच्या, अशी रीत होती. कवायत, फळ्यावरचा नकाशा आणि दिशांचा पाठ, या तिन्हींत एक गोम होती. मास्तर मुलांकडं तोंड करून उभा असतो. तो "उजवा हात वर" म्हणाला आणि त्यानं स्वतःचा उजवा वर केला की समोरची लहान मुलं आरशात बघितल्यासारखी त्याच बाजूचा, म्हणजे आपला डावा हात वर करतात. म्हणून मास्तरानं तोंडानं उजवा म्हणायचं आणि हात डावा उचलायचा. नवशिक्यांपैकी प्रत्येकजण इथं अडखळायचा. पण ते एकदाच उलटं करायचे. मला आधी घास उचलून उजवा शोधायचा, मग तो सोडून दुसरा उचलायचा, आणि तेवढ्यात मघाशी शोधला तो कोणता हेच डोक्यातून जायचं.

माझा पहिला कवायतीचा पाठ मी विसरायचा फार प्रयत्न केला. "उजवा हात" म्हणून मी उभाच राहिलो. कानाच्या पाळ्या तापल्या. मुलं वाट बघत होती. मी एक हात वर केला, मग तो खाली घेऊन दुसरा वर केला, आणि निम्म्या मुलांनी एक, निम्म्यांनी दुसरा आणि एका पोरानं दोन्ही वर करून टाकले. मागं बसलेल्यांच्या पेन्सिली भराभर चालल्या होत्या. नगरमधलाच मनोहर नावाचा एक हुशार, नीटनेटका उमेदवार होता, त्यानं चुका वाचताना म्हटलं की गुरुजी स्वतःच कवायत शिकायला आलेले दिसतात. सगळे हसले. भागूजी हसला नाही. त्या दिवसापासून मला पाठाची भीती बसली. आणि भीती नुसती पाठाची नव्हती. शाळेत डाव्या हाताचं पोर दिसलं तर मास्तरानं त्याची ती सवय मोडायची, असं आम्हाला शिकवलं जात होतं. मास्तरच डावरा आहे असं कुणाला कळलं तर आपल्याला गावाकडं लावून देतील अशी माझी पक्की समजूत झाली होती. वर्षाअखेरीला परीक्षेचे पाठ बघायला दिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी इन्स्पेक्टर, यायचे. त्यात जो पडला तो मास्तर व्हायचा नाही. मग धुनकी. आणि धुनकीही मला नको म्हणत होती.

ठोसर मास्तर आम्हाला पाठ कसे घ्यायचे ते शिकवायचे. काळी टोपी, आखूड कोट, आवाज असा की कवायतीत शेवटच्या रांगेला ऐकू जावा आणि एरवी समोरच्यालाही जाऊ नये. एकदा पाठ संपल्यावर त्यांनी मला विहिरीपाशी थांबवून घेतलं. मला वाटलं, आलं आता आपल्यावर. त्यांनी शांतपणे विचारलं की 'उजवा' म्हणताना तुझी बोटं अशी का जवळ येतात. त्यांनी आपली बोटं तशीच जवळ आणून दाखवली, घास उचलल्यासारखी, आणि मला रडू फुटलं. एवढा मोठा घोडा झालो होतो, पण फुटलं. मी सगळं सांगितलं. पट्टीचं, कापसाचं, सगळं.

मास्तर हसले नाहीत आणि उपदेशही केला नाही. त्यांनी मला आपल्यासमोर उभं केलं. म्हणाले, "आता घास उचलू नकोस. काही शोधू नकोस. मी म्हणेन त्याला जो हात आपणहून हलेल तो हलू दे. उजवा हात वर."

माझा डावा वर गेला. मी घाबरून खाली घेणार, तर त्यांनी तो मनगटाला धरून तसाच ठेवला. आणि मग त्यांनी आपला उजवा वर केला. तो माझ्या डाव्याच्या बरोबर समोर आला.

"बघ," ते म्हणाले, "मी आत्ता तुझा विद्यार्थी आहे. माझ्याकडून चुकलं का?"

चुकलं नव्हतं. बाकीच्यांना जे शिकायला वर्ष लागत होतं ते माझ्या हाताला जन्मतःच येत होतं. मी विचार करत होतो म्हणून चुकत होतो. मास्तरांनी मग आपल्या डाव्या मनगटावरचं घड्याळ दाखवलं आणि सांगितलं की मी अजून या घड्याळाकडं बघून डावा ओळखतो, आणि ज्या दिवशी ते दुरुस्तीला असतं त्या दिवशी कवायत दुसऱ्या कुणाला घ्यायला लावतो. हे मी कुणाला सांगायचं नाही असं त्यांनी बजावलं. मी इतकी वर्षं सांगितलं नाही. आता त्यांना जाऊनही फार काळ झाला, तेव्हा हरकत नसावी.

परीक्षेत मला आणि मनोहरला दिशांचाच पाठ आला. तो पाठ सगळ्या उमेदवारांना तोंडपाठ असायचा. मुलांना उगवतीकडं तोंड करून बसवायचं आणि सांगायचं, समोर पूर्व, पाठीमागं पश्चिम, उजव्या हाताला दक्षिण, डाव्या हाताला उत्तर. अंगणात दक्षिणेला विहीर होती आणि उत्तरेला चिंच. पाठ सकाळचा. मनोहर आधी उभा राहिला. त्यानं मुलांना पूर्वेकडं तोंड करून बसवलं, आणि मुलं उन्हानं डोळे बारीक करायला लागली. दिपोटीसाहेब खुर्चीवरून म्हणाले की पोरांच्या डोळ्यांवर ऊन येतंय, फिरवून बसवा. मनोहरनं मुलांना फिरवलं. आता त्यांची पाठ सूर्याकडं झाली. आणि मनोहरनं खड्या आवाजात पाठ केलेलं वाक्य म्हटलं, तुमच्या उजव्या हाताला दक्षिण. मुलांनी उजवे हात लांब केले. सगळे हात चिंचेकडं. साहेबांनी मुलांना विचारलं की विहीर कुठल्या दिशेला. मुलं एका सुरात म्हणाली, दक्षिणेला. "मग हात चिंचेकडे का?" साहेबांनी विचारलं. मनोहर पुन्हा तेच वाक्य म्हणाला, कारण त्याच्याजवळ दुसरं वाक्य नव्हतं. मला त्याचं हसू आलं नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला मागून दिसत होत्या, आणि त्या माझ्या ओळखीच्या होत्या.

मग माझं नाव पुकारलं. मुलं तशीच मावळतीकडं तोंड करून बसलेली, माझ्या तोंडावर ऊन. बोटं जवळ यायला लागली. मी ती उघडली. "उजवा हात वर करा," म्हटलं आणि माझा डावा गेला, मुलांचे उजवे गेले, सगळे एका बाजूला. हात कुठं आहे, मी विचारलं. चिंचेकडं. चिंच कुठल्या दिशेला? थोडं थांबून मुलं म्हणाली, उत्तरेला. मग मी त्यांना उभं केलं आणि मागं फिरवलं. आता त्यांची पाठ माझ्याकडं झाली. वर्गाची पाठ मास्तराकडं, ही ट्रेनिंगमधली सगळ्यात मोठी चूक. मागच्या रांगेतल्या पेन्सिली हलल्याचं मी ऐकलं. पण मला अम्माचा आवाज आला, गादी फिरवायची न्हाई. मी मुलांना पुन्हा फिरवलं नाही. मीच चालत त्यांच्याभोवती वळसा घातला आणि समोर जाऊन उभा राहिलो. तिथं पोचताच ऊन पाठीवर आलं आणि माझं तोंड मगरीबकडं झालं. लहानपणापासून दिवसातून कितीदा मी या बाजूला तोंड करून उभा राहिलो होतो.

"आता उजवा हात," मी म्हटलं. माझा डावा, त्यांचे उजवे, सगळे विहिरीकडं. पुढच्या रांगेतली एक मुलगी आपल्याच हाताकडं बघत होती. ती म्हणाली, "गुरुजी, हात तर त्योच हाय. मगाशी चिंचंकडं हुता."

मी विचारलं की मग विहीर हलली का. पोरं हसली. ती मुलगी म्हणाली, "न्हाई. आमी फिरलो."

पुढं मी काय शिकवलं ते मला आठवत नाही, आणि शिकवायला तसं काही उरलंही नव्हतं. शेवटी साहेबांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं की उजवा म्हणताना तुम्ही डावा हात वर करता, हे अगदी न अडखळता करता, ते कसं. मी ठोसर मास्तरांकडं बघितलं. मास्तर आपल्या घड्याळाला किल्ली देत होते. मी म्हणालो, "साहेब, पोरं माझ्याकडं बघून करतात. त्यांचा उजवा त्यांना माझ्या अंगावर दिसायला पाहिजे." साहेबांनी मान हलवली आणि काही तरी लिहिलं. मी पास झालो. भागूजीही झाला. मनोहरला पुन्हा पाठ घ्यायची संधी मिळाली, तोही झाला, आणि पुढं आयुष्यभर भेटला की माझ्यासमोर उभा राहून मुद्दाम चुकीचा हात पुढं करायचा.

आज मुलाच्या मोटारीत बसलो की त्याच्या मोबाईलमधली बाई सांगते, उजवीकडे वळा. माझी बोटं अजून जवळ येतात. मुलगा विचारतो, अब्बा, काय पाहिजे? मी म्हणतो काही नाही, वळ तू.

निकाल लागल्यावर मी सर्व्हिस मोटारीनं पाथर्डीपर्यंत आलो आणि तिथून चालत निघालो. ओढा उतरल्यावर धुनकी ऐकू आली. दारात पोचलो तेव्हा अब्बांनी ती थांबवली, आणि दिवसा ती थांबलेली ऐकून तेलीण काय झालं म्हणून बाहेर आली. अब्बांनी मला जवळ घेतलं तेव्हा दोघांनाही शिंका आल्या. अम्मा पिठातून हात काढून म्हणाली की पास झालास म्हणतोस, तर शिकवतोस कसा ते दाखव. मी तिला चुलीसमोर उभं केलं आणि तिच्यासमोर उभा राहिलो. म्हटलं, अम्मा, उजवा हात वर कर. तिनं केला, बाजरीचं पीठ लागलेला. मी माझा डावा वर केला.

तिनं पिठाच्या बोटांनी त्या हाताचं मनगट चाचपलं. मग म्हणाली, "म्हंजे पोरांच्या अंगानं बघितलं तर तुजा डावा उजवाच हाय."

मी हो म्हटलं.

"आन मी त्यो बांधून ठिवत हुते."

मी तिला सांगितलं की तू बांधलास म्हणून उजवा लिहायला शिकला, आणि तू तोडला नाहीस म्हणून डावा शिकवायला उरला. हे मी तेव्हा तिला बरं वाटावं म्हणून बोललो. आता इतक्या वर्षांनी वाटतं की ते अगदी खरं होतं. तिनं ताट वाढलं. भाकरी चुरून गुळातुपाचा मलिदा केला होता, सणाला करतात तसा. ताट माझ्यासमोर ठेवून ती चुलीकडं तोंड करून बसली आणि माझं जेवण होईपर्यंत एकदाही मागं वळली नाही, मी कोणत्या हातानं जेवतो ते दिसू नये म्हणून. मी उजव्याच हातानं जेवलो. डावा मांडीवर होता, मोकळा.